जुन्या बाजारातले रेकॉर्डवाले चाचा आणि 40 वर्षांनी ऐकू आलेला बेस

पुण्यात मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो तिथे एक चाचा रेकॉर्ड विकतात आणि टर्नटेबल दुरुस्त पण करून देतात, त्यांच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. बाजार बुधवारी आणि रविवारी असतो, रविवारी दहाच्या आत पोचा, नंतर गर्दीत गाडी लावायचे हाल होतात.

दादाचा टर्नटेबल आमच्या माळ्यावर 20 वर्षं पडून होता. आधी एका दुकानात नेला तर उघडूनही न बघता याचे पार्ट येत नाहीत म्हणाले. चाचांनी झाकण काढलं, बेल्ट बोटाला चिकटून डांबरासारखा आला. रेकॉर्ड पण खराब झाल्यात बहुतेक असं मी म्हटलं तर म्हणाले, "साहेब, पिन गेलीय, रेकॉर्ड नाही गेली." बेल्ट आणि पिन बदलली, बेअरिंगला तेल घातलं, पिन धरणाऱ्या आर्मचं वजन पावणेदोन ग्रॅमवर सेट केलं आणि मग रेषा मारलेली एक कागदी चकती फिरवून ट्यूबलाइटखाली धरली, रेषा जागच्या जागी उभ्या दिसल्या की स्पीड बरोबर. सगळे मिळून 1800 रुपये, आणि घाई म्हणून अजिबात नाही.

आता खरं सांगायचं ते गाण्यांचं. 80च्या दशकात आम्ही वाडिया कॉलेजात होतो, कॅम्पात एका दुकानात यादी दिली की कॅसेट भरून मिळायची, आणि ती वाजायची घरच्या टू-इन-वनवर ज्याचा स्पीकर बशीएवढा. मार्विन गे, सुप्रीम्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, ही अमेरिकन सोल गाणी सगळी पाठ, पण पाठ म्हणजे गळा आणि टाळ्या पाठ. खालून काय चाललंय ते त्या स्पीकरमधून कधी आलंच नाही. परवा मार्विनची 'व्हॉट्स गोइंग ऑन' लावली आणि पहिल्या मिनिटातच मी उठून स्पीकरसमोर जमिनीवर बसलो. तो बेस, म्हणजे खालच्या सुरातल्या गिटारचा आवाज! नुसता ताल धरत नाही, मार्विनच्या मागेमागे वेगळंच गाणं म्हणत जातो, मध्येच थांबतो, वळतो, परत येतो.

वाजवणारा जेम्स जेमरसन. डेट्रॉइटला 1959 साली बेरी गॉर्डीने घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली, एका साध्या घरात स्टुडिओ, आणि एवढ्या सगळ्या हिट गाण्यांमागे वाजवणारी मंडळी ठरलेली, फंक ब्रदर्स. जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने तार छेडायचा. आणि कव्हरवर यांची नावंच नसायची, 1971च्या या अल्बमवर पहिल्यांदा आली. म्हणजे मी कॉलेजात ज्याच्या जिवावर नाचलो त्याचं नाव मला माहीत नव्हतं, आणि तो 1983 मध्ये गेला पण. हे मला फार लागलं.

चाचांकडून ओटिस रेडिंग या सोल गायकाची रेकॉर्ड पण घेतली. 'डॉक ऑफ द बे' रेकॉर्ड केल्यावर थोड्याच दिवसांत, 10 डिसेंबर 1967 ला तो विमान अपघातात गेला, 26 वर्षांचा. गाण्याच्या शेवटची ती शिट्टी आता नीट ऐकवत नाही मला, तरी रोज लावतो.

रेकॉर्डचे भाव 250 पासून 600 पर्यंत, इंग्लिश कमी, हिंदी भरपूर, बोनी एम आणि अ‍ॅबा मात्र कायम. एक सुप्रीम्सची वाकलेली निघाली, सुई उड्या मारते, आणि चाचा रेकॉर्ड परत घेत नाहीत, तेवढं खटकलं. घेताना कव्हरमधून काढून डोळ्यासमोर आडवी धरून बघा, वाकलीय का ते लगेच कळतं. ओरखड्यांना घाबरू नका, बरेचसे वरवरचे असतात.

दुरुस्तीसाठी डोळे झाकून जा. नाशिकला दादाला फोन लावून स्पीकरजवळ धरला होता, तो म्हणाला गाणं कळतंय पण बेस कुठंय. फोनवरून तो जातच नाही. दिवाळीला येतोय, तोवर मी दुसरं काही लावणार नाहीये.