कॉम्प्युटर इंजिनीअरिंग की उपयोजित कला? बारावीच्या दिवाळीआधी करायची तुलना

चित्रकलेचा हात चांगला आणि गणितातही बरे मार्क, अशा मुलांच्या घरात हा वाद बहुधा निकालाच्या तोंडावर पेटतो. तो दसऱ्यालाच व्हायला हवा. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा जानेवारीत असते आणि तिचे अर्ज ऑक्टोबरात भरावे लागतात. एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे अर्जही बारावीच्या पहिल्या सहामाहीनंतर लगेच सुटतात. राज्याच्या सीईटी कक्षाच्या नोंदण्या बोर्डाच्या परीक्षेआधीच होतात. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांच्या हातात जूनमध्ये निम्मेच पर्याय उरलेले असतात, आणि मग त्या उरलेल्यांतून निवडण्याला ‘निर्णय’ म्हटलं जातं.

इथे तुलना दोनच अभ्यासक्रमांची आहे: कॉम्प्युटर इंजिनीअरिंग आणि बीएफए (ललित कलेची पदवी) उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्ट. दोन्ही चार वर्षांचे, दोन्ही नोकरीकडे तोंड करून उभे. पेंटिंग आणि शिल्पकलेचं गणित पार वेगळं आहे. तिथे पहिली काही वर्षं शिकवण्या किंवा शाळेतली नोकरी धरूनच चालावं लागतं.

प्रवेशाची वाट

इंजिनीअरिंगसाठी बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. एमएचटी-सीईटी २०० मार्कांची असते: गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न १ मार्काचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. निम्मे मार्क एकट्या गणिताचे आहेत. गणित ‘जेमतेम जमतं’ असणाऱ्याला पर्सेंटाइल तिथेच आपटतो, आणि पुढे चारही वर्षं तेच गणित वेगवेगळ्या नावांनी भेटत राहतं.

कॅप म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांमध्ये पसंतीक्रम भरताना मोठी चूक होते ती पहिल्या रांगांत. २०२५ पासून पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर तो प्रवेश घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत हीच सक्ती पहिल्या तीन पसंतींना लागू होते, तिसऱ्यात पहिल्या सहांना. ‘मिळणार तर नाहीच, टाकून ठेवू’ म्हणून वर टाकलेलं नाव गळ्यात पडू शकतं. दरवर्षी नियमांत थोडी उलथापालथ होते, म्हणून माहितीपुस्तिका त्याच वर्षीची वाचायची. शेजारच्या दादाने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते धरून चालायचं नाही.

उपयोजित कलेसाठी एमएएच-एएसी-सीईटी. बारावी कोणत्याही शाखेची चालते. परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे चार भाग. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली म्हणजे ही परीक्षा हातची, असा समज घराघरांत आहे. ग्रेड परीक्षेने दहावीला वाढीव मार्क मिळतात आणि हात स्वच्छ होतो, पण इथे निवड होते ती विचारावर. कुठे काय बिघडतं ते पाहा. वस्तुचित्रात घागरीच्या तोंडाची लंबवर्तुळाकृती आणि तळाची वक्ररेषा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मूळ प्रमाण चुकलेलं असताना मुलं अर्धा तास शेडिंग करत बसतात. स्मरणचित्रात ‘बसथांब्यावरची गर्दी’ असा विषय आला की सगळी माणसं एकाच उंचीची, समोर तोंड करून, वर्गफोटोसारखी रांगेत उभी राहतात. कुणी कुणाला झाकत नाही, जमिनीची पातळी दिसत नाही, पुढचा-मागचा आकार एकच. संकल्पचित्रात पोस्टर कलर पाण्याने पातळ होतो, वाळण्याआधी शेजारचा रंग लागतो आणि कड फुटते.

उपाय सोपा, पण कंटाळवाणा आहे. आठवड्याला दोन वस्तुचित्रं आणि दोन स्मरणचित्रं, घड्याळ लावून, दीड तासाच्या आत. पहिली वीस मिनिटं फक्त रचना आणि प्रमाण. स्मरणचित्रासाठी रोज दहा मिनिटांत एक मानवाकृती, तीही उभी नको: वाकलेली, ओझं उचलणारी, पाठमोरी. हे ऑगस्टपासून केलं तर पुरतं. मार्चमध्ये बोर्डाचा पेपर संपल्यावर लावलेला ‘क्रॅश कोर्स’ बहुतेकदा फक्त पेन्सिली संपवतो.

कॉलेजांमध्ये मुंबईच्या सर ज. जी. (जे. जे.) उपयोजित कला संस्थेचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. १८५७ च्या कलाशाळेतून ती १९६१ मध्ये वेगळी निघाली. २०२३ मध्ये जे. जे. परिसराला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून तिथल्या प्रवेशाची सूचना वेगळी पाहायची, राज्याच्या यादीवर विसंबायचं नाही. त्याखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, मुंबईत रहेजा आणि रचना संसद, पुण्यात अभिनव कला आणि भारती विद्यापीठ, गोव्यात आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय. बी.डेस. म्हणजे डिझाइनची पदवी करायची असेल तर यूसीड किंवा एनआयडी. यूसीड ३०० मार्कांची: संगणकावर २००, हाताने चित्र काढून १००. ती दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या वर्षांत. म्हणून ‘यंदा सहज देऊन बघू’ हे इथे महागात पडतं, एक संधी वाया जाते.

चार वर्षं कशी जातात

पहिल्या वर्षी इंजिनीअरिंगमध्ये कॉम्प्युटर फारसा भेटत नाही. गणित, फिजिक्स, मेकॅनिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग, प्रॅक्टिकल, जर्नल. कलेकडे ओढा असलेली मुलं इथेच चकतात: कोड लिहायला आलो आणि हे काय चाललंय? एटीकेटी लागणं, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात जाणं, फार सामान्य आहे, पण तिची किंमत पुढे मोजावी लागते. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीला सलग ६० टक्के आणि ‘एकही विषय राहिलेला नको’ अशी चाळणी लावतात. चित्रात रमून दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, तर चौथ्या वर्षी मुलाखतीच्या दारापर्यंतही पोचता येत नाही.

उपयोजित कलेत पहिलं वर्ष पायाभूत असतं: निसर्गचित्र, वस्तुचित्र, द्विमित आणि त्रिमित संकल्प, अक्षरलेखन, कलेचा इतिहास. पुढे जाहिरात, छायाचित्रण, टायपोग्राफी, इलस्ट्रेशन असे फाटे फुटतात. पाठांतर कमी, कष्ट जास्त. सबमिशनच्या आठवड्यात झोप होत नाही, आणि दोन दिवस खपून केलेलं पोस्टर सर सगळ्यांसमोर एका वाक्यात उडवतात. ‘छान काढतो हं आमचा’ हे बारा वर्षं ऐकलेल्या मुलाला हा धक्का जबर बसतो. पहिल्याच वर्षी कॉलेज सोडावंसं वाटतं त्यामागे कौशल्याची कमतरता क्वचितच असते, बहुतेकदा टीकेची सवय नसते. ही सवय लागते, पण जिला-ज्याला चित्र हा खासगी विसावा आहे, त्यांनी तो विसावा पदवीच्या हवाली करण्याआधी दोनदा विचार करावा.

खर्च आणि कमाई

फीमधला फरक शाखेपेक्षा संस्थेवर ठरतो. शासकीय कला महाविद्यालयाची फी इंजिनीअरिंगच्या मानाने फार कमी असते, खासगी डिझाइन संस्थेची मात्र वर्षाला काही लाखांवर जाते आणि खासगी इंजिनीअरिंग कॉलेजलाही मागे टाकते. राज्याच्या कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षणशुल्क मिळतं, आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींना पूर्ण. संस्थेच्या स्वतःच्या कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत हुकते. उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रिमीलेअर यांना वेळ लागतो. ही कागदपत्रं दोन्हीकडे लागतात, म्हणून बारावीच्या आधीच्या सुट्टीतच सुरुवात करावी.

कलेचा लपलेला खर्च साहित्यात असतो: इम्पीरियल आकाराचे कागद, रंग, ब्रश, प्रिंट, माउंटिंग, आणि दुसऱ्या वर्षापासून बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डचा लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट. ही यादी फीच्या पत्रकात कुठेच नसते.

कमाईत इंजिनीअरिंगची सुरुवात वरची आणि ठरलेली, यात वाद नाही. मोठ्या आयटी कंपन्यांचं नवख्यांचं पॅकेज वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास बरीच वर्षं अडकून पडलेलं आहे, तरी महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतो. उपयोजित कलेत पहिल्या नोकरीचा आकडा बहुधा याहून कमी असतो आणि मुलाखतीत मार्कपत्रिका कुणी मागत नाही, पोर्टफोलिओ मागतात. बारा-पंधरा कामं पुरेत. प्रत्येकाबरोबर गरज काय होती, कच्च्या कल्पना कोणत्या, शेवटी हेच का, एवढं दाखवायचं. नुसती सुंदर चित्रं लावली तर समोरचा पानं उलटत जातो.

स्वतंत्र काम करणाऱ्याने तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून धराव्यात. कामाआधी निम्मी रक्कम. किती दुरुस्त्या फुकट, ते लेखी. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, कारण कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं. मराठी माणूस पैशाचं बोलायला लाजतो हा कलाक्षेत्रातला सगळ्यात महाग गुण आहे.

चित्रं बनवणाऱ्या एआयमुळे कला संपली, म्हणून कोडिंग बरं, हा युक्तिवाद आता टिकत नाही. साध्या जाहिरातींची, तयार इलस्ट्रेशनची छोटी कामं कमी होत आहेत हे खरं, पण नवख्या प्रोग्रॅमरला दिलं जाणारं साचेबंद कामही तेच यंत्र करू लागलं आहे. तळाची पायरी दोन्ही जिन्यांची झिजते आहे.

परतीचा रस्ता कुणाकडे आहे

माझ्या मते निर्णयाचा कणा इथे आहे, आणि घरच्या चर्चेत याचीच आठवण सर्वांत कमी निघते. इंजिनीअरिंग केलेल्याला पुढे डिझाइनमध्ये यायचा राजमार्ग आहे: सीड परीक्षा. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची कोणतीही पदवी चालते, वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते. त्यातून आयआयटी मुंबईच्या १९६९ पासूनच्या आयडीसी या डिझाइन विभागासह अनेक ठिकाणी एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करता येते. उलट दिशेने असा रस्ता नाही. बीएफएनंतर स्पर्धा परीक्षा, एमबीए, शिक्षकी सगळं खुलं राहतं, इंजिनीअर होणं मात्र जवळजवळ बंद.

म्हणून ‘आधी इंजिनीअरिंग कर, मग काय करायचं ते कर’ हे आईवडिलांचं वाक्य वाटतं तेवढं जुनाट नाही. ते फसतं ते दुसऱ्या अर्ध्या भागात. सीडचा दुसरा भाग हाताने काढायचा असतो, आणि चार वर्षं कागदाला न लागलेला हात तिथे उघडा पडतो. हा मार्ग घ्यायचाच तर पहिल्या वर्षापासून आठवड्याचे सहा तास चित्रासाठी बांधून ठेवायचे, कॉलेजच्या फेस्टची पोस्टरं आणि मासिकाची मांडणी अंगावर घ्यायची, डिझाइनची मायनर (मुख्य शाखेसोबतचा जोडविषय) असेल तर ती निवडायची आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पोर्टफोलिओ तयार ठेवायचा. हे जमणार नाही असं आत्ताच दिसत असेल, तर ‘मग’ कधी येत नाही, आणि त्या परिस्थितीत बीएफए जास्त प्रामाणिक निवड आहे.

दोन्ही वाटा एकत्र आलेली उदाहरणं आहेत. र. कृ. जोशी जे. जे.मध्ये शिकले, जाहिरातीत होते, आयडीसीत शिकवलं आणि पुढे संगणकासाठी देवनागरी अक्षरं घडवली. विंडोजवरचा ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. पण असं काम तंत्र आणि अक्षर दोन्हींवर कैक वर्षं घालवल्यावर होतं, अपवाद दाखवून बारावीच्या मुलाला धीर देण्यात अर्थ नाही.

स्वतःला तपासायची एक रीत

गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडळाचं पत्रक करायला घ्या. अध्यक्ष म्हणतील लाल नको भगवा करा, खजिनदार म्हणतील देणगीदाराचा फोटो मोठा हवा, आणि छापायच्या आदल्या रात्री कार्यक्रमाची वेळ बदलेल. तिसऱ्या दुरुस्तीलाही डोकं शांत ठेवून ‘फोटो मोठा करूनही पान नीट कसं दिसेल’ यात रस वाटला, तर उपयोजित कला तुमची आहे. माझं चित्र बिघडवलं म्हणून चिडचिड झाली, तर चित्रकला तुमची असेल, पण हा धंदा बहुधा नाही. दुसऱ्या बाजूला एक छोटा प्रोग्रॅम घ्या, मंडळाच्या वर्गणीचा हिशोब ठेवणारा. चालत नाही आणि का ते कळत नाही, अशा दोन संध्याकाळी गेल्यावर तिसऱ्या संध्याकाळी आपणहून बसावंसं वाटतं का, एवढंच बघायचं.

गणित आवडतं आणि चित्रही आवडतं, घरात पगाराची निकड आहे, अशांनी इंजिनीअरिंग घ्यावं आणि वर सांगितलेले सहा तास पाळावेत. गणिताचा तिटकारा असलेल्याने केवळ सुरक्षित म्हणून तिकडे जाऊ नये. राहिलेल्या विषयांसह चार-पाच वर्षांनी बाहेर पडलेला इंजिनीअर पोर्टफोलिओ असलेल्या बीएफएपेक्षा बाजारात मागे असतो. गणित बरं, घर दोन-तीन वर्षं दम धरू शकतं आणि पत्रकाची परीक्षा हसत पार पडली, तर शासकीय कला महाविद्यालय सोडून महागड्या खासगी डिझाइन संस्थेच्या मागे लागायचं कारण नाही. नाव न ऐकलेल्या संस्थेचा ‘डिझाइन डिप्लोमा’ असेल तर पदवी कोणतं विद्यापीठ देतं, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

अर्ज मात्र सगळे भरा, परीक्षा सगळ्या द्या. दोन्हीकडे जागा मिळाली तर एक रद्द करायची असते आणि राज्याच्या कॅपमध्ये ठरलेल्या तारखेआधी रद्द केल्यास किरकोळ कपात वगळता फी परत मिळते. तारीख उलटली की ती अडकते. खासगी संस्थांचे परताव्याचे नियम वेगळे असतात, ते पावती घेण्याआधी वाचा, आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखला पहिल्याच संस्थेत जमा करण्याआधी साक्षांकित प्रती चालतात का ते विचारा.