मायकोरायझा पावडर : माल चांगला, पिशवीवरचा मजकूर अपुरा

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डाजवळील एका कृषी सेवा केंद्रातून घेतलेली मायकोरायझा पावडर, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीचे जैविक खत, आम्ही पुरंदर तालुक्यातील शेतात मिरची आणि टोमॅटोच्या रोपांसाठी वापरली. पावडर गुणाची आहे. मात्र ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे सांगण्याची तसदी ना पिशवीने घेतली, ना दुकानदारांनी.

पिकाला लागणारा स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जवळजवळ जागचा हलत नाही, आणि आपल्याकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर त्याचा बराचसा भाग कॅल्शियमशी बांधला जातो. मुळाच्या लगतचा एक-दोन मिलिमीटरचा थर रिकामा झाला की पुढचा स्फुरद मुळाला मिळेनासा होतो. मायकोरायझा बुरशीचे तंतू एकीकडे मुळाच्या पेशींत शिरतात आणि दुसरीकडे मातीत काही सेंटीमीटरपर्यंत पसरून तेथील स्फुरद व जस्त पिकाला आणून देतात. त्याचा मोबदला म्हणून पीक त्यांना आपण तयार केलेले अन्न देते. हा व्यवहार जिवंत मुळाशिवाय होतच नाही. त्यामुळे रायझोबियमसारखे जिवाणू नुसत्या पोषक द्रावणात वाढवता येतात, तशी ही बुरशी वाढवता येत नाही आणि जिवाणू खतांपेक्षा ती महाग पडते.

पिशवीवर ‘सर्व पिकांसाठी उपयुक्त’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि माझा मुख्य आक्षेप याच ओळीला आहे. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, तसेच पालक आणि बीट ही पिके या बुरशीशी सहसा नाते जोडतच नाहीत. तरीही मी फ्लॉवरबद्दल विचारले तेव्हा दुकानदारांनी निःशंकपणे हीच पिशवी पुढे केली, शिवाय सोबत डीएपी हे स्फुरदयुक्त रासायनिक खतही सुचवले. जमिनीत सहज मिळणारा स्फुरद भरपूर असला की पीक स्वतःच या बुरशीला मुळात फारसा थारा देत नाही. तेव्हा दोन्ही एकाच बिलात घेणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरद जास्त आला असेल, तर या पावडरीवर खर्च करू नये.

बुरशी मुळाला प्रत्यक्ष भिडली पाहिजे, म्हणून एकरी शिफारशीप्रमाणे ती शेतात फोकून देण्याऐवजी आम्ही रोपांच्या काही ट्रेंच्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळली आणि काही ट्रे मुद्दाम तसेच ठेवले. बियाण्याला कार्बेन्डाझिम लावले नाही, कारण अशी आंतरप्रवाही बुरशीनाशके या बुरशीलाही मारक ठरतात. पुनर्लागवडीनंतर उन्हाचा ताण पावडर दिलेल्या रोपांनी ठळकपणे अधिक सोसला आणि त्या सऱ्यांत नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) कमी भराव्या लागल्या. तोड्यांच्या वजनातही थोडा फरक दिसला, परंतु आमचे रान एकसारखे नसल्याने त्याचे श्रेय मी पावडरीला देणार नाही, आणि उत्पादनवाढीच्या छापील टक्केवारीला तर मुळीच दुजोरा देणार नाही.

खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये जैविक खतांचाही समावेश असल्यामुळे पिशवीवर प्रतिग्रॅम जिवंत बीजाणूंची संख्या, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम मुदत दिलेली होती, ही समाधानाची बाब आहे. अर्थात ती संख्या खरी आहे की नाही, हे शेतकऱ्याला पडताळता येत नाही. मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय बुरशी वसली की नाही हे कळत नाही, आणि पिशवीत नुसते शंखजिरे (टाल्कची पूड) भरले असले तरी डोळ्यांना ते तसेच दिसते. म्हणून निदान ताजा माल तरी मागून घ्यावा. दर्शनी फळीवर ऊन खात पडलेली पिशवी मी नाकारली आणि आतल्या खोक्यातली मागितली; ती दुकानदारांनी कुरकुर न करता दिली. रोपवाटिकेपुरती लहान पिशवी पुरते. लागवड होऊन गेलेल्या भाजीपाल्यासाठी एकरी मोठे पोते घेण्याचा आग्रह झाला, तरी तो मानू नये.