धुऊन वापरायचा एअर फिल्टर: पांदण रस्त्यावर कितपत चालतो?

कापडी जाळीचा हा फिल्टर बसवणं सोपं आहे. एअरबॉक्सचं झाकण काढा, आतली धूळ ओल्या फडक्यानं पुसा, रबरी कडेला ग्रीसचा पातळ हात द्या आणि दाबून बसवा. कड जराही उचलली राहिली तर धूळ बाजूनं शिरते आणि पिस्टन-रिंगा घासते. फिल्टर कितीही महाग असो!

धुताना पाणी आतून बाहेर सोडा, सावलीत पूर्ण वाळवा. कंप्रेसरची हवा मारू नका, जाळी फाटते. लाल फिल्टर ऑइल घड्यांवर एकसारखं दिसेल इतकंच. इंजिन ऑइल अजिबात नको.

मायलेजसाठी घेऊ नका, फरक जाणवत नाही. यवतमाळ-वर्ध्याकडे सोयाबीनच्या मळणीत उडणाऱ्या बारीक धुळीला कंपनीचा कागदी फिल्टरच जास्त अडवतो. डांबरी रस्त्यावरच्या गाडीला मात्र हा जरूर लावा.