जुनी मर्सिडीझ ३००डी की अलीकडची शेवरोले मालिबू? अमेरिकेत सेडान घेण्याआधी

अमेरिकेत वापरलेली सेडान शोधायला निघालं की कधीकधी विचित्र जोडी समोर येते. एकीकडे १९८२ ते १९८५ मधली, नीट सांभाळलेली मर्सिडीझ ३००डी टर्बोडिझेल. दुसरीकडे पाच-सहा वर्षं वापरलेली शेवरोले मालिबू. दोघींची किंमत जवळपास सारखी निघू शकते, आणि मन पहिलीकडे धाव घेतं. त्यात वावगं काहीच नाही. पण ३००डी घरी आणली की तिच्याबरोबर दर महिन्याचं कामही घरी येतं, हे आधीच मान्य करून टाकावं.

तुलनेला मालिबूच का? अमेरिकन सेडानमध्ये आता फारसं काही उरलेलं नाही. फोर्ड फ्यूजन २०२० मध्ये बंद झाली, क्रायस्लर ३०० चं उत्पादन २०२३ मध्ये संपलं, आणि कॅन्ससमधल्या फेअरफॅक्स कारखान्यातून शेवटची मालिबू नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर पडली. टेस्ला आणि कॅडिलॅकचा हिशेब निराळा. इथे १.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची मालिबू धरली आहे.

ओढ सारखी, वेग नाही

३००डी ही डब्ल्यू१२३ मालिकेतली. १९७६ पासून दहा वर्षांत या मालिकेच्या जवळपास २७ लाख गाड्या बनल्या. तिच्यातलं ओएम६१७ हे तीन लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन. त्याच्या टर्बो अवताराचा टॉर्क, म्हणजे ओढ, शेवटी २५० न्यूटन-मीटरपर्यंत गेला होता. मालिबूच्या निम्म्या आकाराच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्कही तेवढाच आहे. पण ताकद १२० हॉर्सपॉवरच्या आसपास विरुद्ध १६०, आणि वजनात जुनी गाडीच जड. शून्यातून ताशी ६० मैल गाठायला मालिबूला आठ-साडेआठ सेकंद लागतात, ३००डीला तेरा-चौदा. हायवेच्या छोट्या रॅम्पवरून ट्रकांच्या रांगेत शिरताना हा फरक चांगलाच जाणवतो. एकदा ६५ वर आली की मात्र जुनी गाडी दिवसभर तक्रार न करता पळते.

ॲव्हरेजमध्येही जुनी मागेच. नीट असलेली ३००डी गॅलनला पंचवीस-सत्तावीस मैल देते, मालिबू तीसच्या आसपास. त्यात अमेरिकेत डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग. ‘डिझेल म्हणजे बचत’ हे आपल्याकडचं गणित तिथे लागू पडत नाही.

३००डी काय मागते

ओएम६१७ पाच लाख मैल चालतं असं जे बोललं जातं, ते टॅपेट (कॅमच्या जोराने व्हॉल्व्ह उघडणारे दुवे) वेळेवर सेट करणाऱ्यांच्या गाड्यांबद्दल. या इंजिनात गॅप आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. दर १५,००० मैलांना, इंजिन थंड असताना, वरचं कव्हर काढून गॅप तपासावी लागते: इनटेक ०.१० मिलिमीटर, टर्बोच्या एक्झॉस्टला ०.३५. १४ चे दोन खास वाकडे पाने, एक फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पुढची पुली फिरवायला २७ चा सॉकेट एवढं साहित्य लागतं. कॅमचं टोक वर आलं की गॅप मोजायची, लॉकनट सैल करून वरची टोपी फिरवायची, नट पुन्हा आवळायचा आणि परत मोजायचं, कारण आवळताना गॅप हलते. क्रँक नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवावा. हे काम टाळलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू घट्ट होतो, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. मग थंडीत सकाळी गाडी नुसती कुंथते. अनेक मालक अशा वेळी पाचही ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला तापणारे प्लग) बदलून मोकळे होतात, आणि दोष तसाच राहतो.

दुसरं दुखणं व्हॅक्यूमचं. ब्रेकचा बूस्टर, सेंट्रल लॉक, गिअर बदलण्याचा मऊपणा आणि इंजिन बंद करणं, सगळं एकाच पंपाच्या व्हॅक्यूमवर चालतं. डिझेल पंप पूर्ण यांत्रिक असल्यामुळे इंजिन चालू राहायला वीज लागत नाही. म्हणून कुठेतरी नळी फाटली की किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन धडधडतच राहतं. तेव्हा बॉनेट उघडून ‘स्टॉप’ लिहिलेला तरफेसारखा दांडा दाबायचा. घाबरण्यासारखं काही नाही, पण घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो दांडा दाखवून ठेवा. गळती बऱ्याचदा दाराच्या आतल्या लॉकच्या रबरी पडद्यात निघते. खरी भीती पंपाच्या बेअरिंगची: ते तुटलं तर तुकडे टायमिंग चेनच्या बाजूला पडून इंजिनच संपतं. पंपाकडून खडखड येऊ लागली तर वाट पाहू नका.

गाडी मरगळली, पिकअप गेला, तर टर्बोला दोष देण्याआधी इनटेक मॅनिफोल्डवरचा पोकळ बोल्ट काढून पाहा. काजळीने त्याचं भोक बुजलं की टर्बोचा दाब डिझेल पंपावरच्या आल्डा डबीपर्यंत पोहोचत नाही, आणि पंप जादा डिझेल सोडत नाही. ब्रेक क्लीनर आणि बारीक तार घेऊन पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि गाडी वेगळीच वाटते.

बाकी नियमित खर्च साधा: दर ५,००० मैलांना साडेसात लिटरच्या आसपास १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल, दोन डिझेल फिल्टर, इंजेक्टरांमधल्या रिटर्नच्या बारीक नळ्या. ऑइल बदलल्यावर दुसऱ्या दिवशी काळं दिसतं, ते नेहमीचंच. इंजिनाचे भाग अजून सहज मिळतात. महाग पडतं ते एसी, आतली सजावट आणि गंजलेला पत्रा.

मालिबूचं कुठे बिघडतं

या गाडीचं दैनंदिन काम जवळजवळ शून्य, म्हणूनच लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. लहान टर्बो इंजिनावर कमी आरपीएमला जास्त भार पडला की ऑइलचे थेंब पेट्रोलात मिसळून ठिणगीच्या आधीच पेट घेतात. त्या धक्क्याने पिस्टनला, रिंगांच्या खोबणीजवळ, तडा जाऊ शकतो. यावरचा उपाय म्हणजे डेक्सॉस१ जेन २ (शेवरोलेची मालक कंपनी जीएमचं ऑइलचं मानक) किंवा त्यानंतरच्या मान्यतेचं ऑइल, आणि तेही डॅशबोर्डवरचं ऑइल लाइफ शून्यावर येण्याची वाट न पाहता बदलणं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारं इंजिन असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर कार्बन साचतो.

२०१९ पासून १.५ लिटरच्या मालिबूला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्याचा ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स आहे. ३००डीचा गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणारे लोक अजून सापडतात. सीव्हीटी बिघडला तर बहुधा अख्खाच बदलावा लागतो, आणि तेवढ्या एका बिलावर जुन्या मालिबूचं आयुष्य संपू शकतं. शेवरोलेची पॉवरट्रेन (इंजिन आणि गिअरबॉक्स) वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. त्यातली किती शिल्लक आहे हे किमतीत धरा.

घेताना ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. ‘मॉनिटर’ (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) तयार नसतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले असण्याची शक्यता आहे. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, टाकून सरकारी साइटवर रिकॉल बाकी आहे का हेही फुकट कळतं.

सुरक्षितता

इथे तुलना जवळजवळ होतच नाही. मालिबूत दहा एअरबॅग आहेत आणि घसरण सावरणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे. हे नियंत्रण अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं. १९८५ च्या ३००डीला मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइटसुद्धा नाही, कारण तो १९८६ पासून बंधनकारक झाला. लहान मुलांची सीट अडकवायचे लॅच हूक नाहीत. डब्ल्यू१२३ तिच्या काळात भक्कम होती हे खरं, पण तो काळ चाळीस वर्षांपूर्वीचा. शिवाय बहुतेक ३००डींच्या धुराला फिल्टर नाही. घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये कोणतीच गाडी चालू ठेवू नये, ही तर नाहीच.

कोणी कोणती घ्यावी

घरात एकच गाडी असेल, मुलं असतील किंवा कामावर रोज वेळेवर पोहोचायचं असेल, तर मालिबू. यात आमच्या मनात शंका नाही. दुसरी गाडी म्हणून, कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनासारख्या कोरड्या हवेत, स्वतः पाना हातात घ्यायची तयारी असेल तर ३००डी खुशाल घ्या. कॅलिफोर्नियात १९९७ पर्यंतच्या डिझेल गाड्यांना स्मॉग (प्रदूषण) तपासणीतून सूट आहे. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यात मात्र ती दर हिवाळ्याला पत्रा गमावते.

पुण्यात १९९५ पासून जुळवल्या गेलेल्या डब्ल्यू१२४ मुळे अनेकांचा ओढा त्या पुढच्या मालिकेकडे असतो. अमेरिकेत ती घ्यायची तर १९९० ते १९९३ ची २.५ टर्बो बघा. १९८७ च्या सहा सिलिंडरवालीचं हेड तडकण्यासाठी बदनाम आहे.

३००डी बघायला जाल तेव्हा गालिचा उचलून पायाखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीतली स्टेपनीची खाच बघा. ओडोमीटरवर विसंबू नका, त्याचे प्लॅस्टिकचे दाते तुटून तो वर्षानुवर्षं थांबलेला असतो. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा: थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगा गेल्या. आणि सगळ्यात आधी, गाडी सुरू करायच्या अगोदर, व्हॉल्व्ह कव्हरवर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाने ती आधीच तापवून ठेवली आहे. त्या दिवशी सौदा करू नका, दुसऱ्या सकाळी तो उठायच्या आत पुन्हा जा.