पायलट इंटरव्ह्यूच्या तयारीचं वर्षाचं सबस्क्रिप्शन: सात महिने वापरून

जून २०२५ मध्ये घेतलं, आता जानेवारी संपत आलाय. साडेअठरा हजार रुपये, मुदत वर्षाची. त्यात तांत्रिक प्रश्नांची बँक, अ‍ॅप्टिट्यूड टेस्टचा सराव, एचआरच्या प्रश्नांची नमुना उत्तरं आणि तीन मॉक इंटरव्ह्यू. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या माझ्या एकटीच्या अनुभवावरच्या आहेत. शिवाय घेण्याआधी मी आणखी दोघांचे डेमो बघितले होते, तिन्ही एकाच साच्यातले वाटले. त्यामुळे कुठलंही घेतलंत तरी यातलं बरंचसं लागू पडावं.

माझी पार्श्वभूमी एवढीच: बारामतीत दोनशे तास पूर्ण केले, सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) हातात, टाइप रेटिंग (एका ठरावीक विमानासाठीची पात्रता) अजून नाही, घर कळव्यात, कर्जाचा हप्ता सुरू.

आधी चांगलं सांगते. अ‍ॅप्टिट्यूडचा भाग पैसे वसूल आहे. स्क्रीनवर एक टिंब सतत पळत असतं, ते जॉयस्टिकने चौकटीत धरून ठेवायचं. त्याच वेळी हेडफोनमध्ये कुणीतरी आकडे वाचत असतं, लागोपाठ दोन विषम आकडे आले की बटण दाबायचं. आणि खाली कोपऱ्यात बेरीज-वजाबाकी चालूच. पहिल्या दिवशी मी टिंब सांभाळलं आणि बाकी सगळं सोडून दिलं. तीन आठवडे रोज वीस मिनिटं केल्यावर हात आपोआप चालायला लागला. रोज वीस मिनिटंच, हे महत्त्वाचं. एका रविवारी हौसेने तीन तास बसले, तर स्कोअर उलट घसरला. जॉयस्टिक लॅमिंग्टन रोडवरून जुनी आणली. डावीकडे जरा ओढते, पण नवी घेण्याइतकी वाईट नाही.

तोंडी गणितांचाही सराव चांगला. पस्तीस हजार फुटांवरून उतरायला किती आधी सुरुवात करायची? हजारांना तीनने गुणायचं, १०५ नॉटिकल मैल, वर वेग कमी करायला दहाएक. ग्राउंड स्पीड १४० असेल तर तीन अंशांच्या उतारावर मिनिटाला किती फूट खाली? पाचने गुणा, ७००. वारा २४० वरून २० नॉट, धावपट्टी २७ (दिशा २७० अंश), म्हणजे तीस अंशांचा फरक, म्हणजे निम्मा, १० नॉट क्रॉसविंड (आडवा वारा). मी ही लोकलमध्ये करते. कळवा ते ठाणे चार गणितं होतात, खाडीच्या पुलावर गाडी रखडली तर दहा.

आता तांत्रिक प्रश्नांची बँक. जाहिरात सगळ्यात जास्त हिचीच होते आणि घोळही इथेच आहे. प्रश्न दोन हजारांच्या वर, पण बरेचसे युरोपातल्या परीक्षेचे उचललेले. आपल्याकडचे नियम आहेत तिथे जुने आहेत. पायलटची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली १ जुलै २०२५ पासून, बँकेत ऑक्टोबरपर्यंत ३६च होती. मी दोनदा कळवलं, दोनदा आभाराचा मेल आला. बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० चे प्रश्न एकाच टोपलीत टाकलेत. अकासा आणि एअर इंडिया एक्स्प्रेसकडे ७३७ आहेत, पण मी ज्यांच्याकडे जात होते त्यांच्याकडे ए३२०. रात्री अकरा वाजता आपण बोइंगची हायड्रॉलिक्स पाठ करतोय हे कळल्यावर काय वाटतं ते सांगत नाही.

पण जुना नियम एका वेळेला चालेल. खरी अडचण उत्तरांच्या लांबीची आहे. प्रत्येक उत्तर एका ओळीचं. सप्टेंबरमध्ये पहिला इंटरव्ह्यू होता, समोर दोन कॅप्टन आणि एचआरच्या एक बाई. पहिलाच प्रश्न व्ही-वनचा, म्हणजे टेकऑफच्या धावेतल्या एका ठरलेल्या वेगाचा. मी खूश. “डिसिजन स्पीड, सर.” बँकेतलं उत्तर, शब्द न् शब्द.

“म्हणजे व्ही-वनला पोचल्यावर तुम्ही निर्णय घेणार?”

तोवर निर्णय होऊन थांबायची पहिली कृती सुरू झालेली असली पाहिजे, त्यापुढे थांबायचा विचार नाही, हे मी कसंबसं सावरून सांगितलं.

“धावपट्टी ओली असेल तर?”

“कमी होतो, सर. ब्रेक कमी पकडतात.”

“बरं. मग त्या कमी वेगाच्या जरा पुढे एक इंजिन गेलं आणि तुम्ही उडणार आहात. एका इंजिनावर वेग घ्यायला जास्त अंतर लागेल. ते अंतर कुठून आणणार?”

मी गप्प. कॅप्टननी पेनाचं टोपण लावलं. तो आवाज अजून आठवतो.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा मध्य रेल्वेत मोटरमन होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. विमानातलं त्यांना काही कळत नाही आणि कळतंय असं ते दाखवतही नाहीत. ते म्हणाले, “पहिल्या पावसात रूळ बुळबुळीत होतात. कोरड्यात ज्या खांबाला ब्रेक लावतो, त्याच्या दोन खांब आधी लावायचा. तुमचं तेच ना?” मी म्हटलं, अगदी तेच. “पण मला थांबायचंच असतं गं. तुझ्यात ज्याला थांबायचं नाही, त्याचं काय?”

हा कॅप्टनचाच प्रश्न, फक्त खांब लावून. त्या रात्री बँक बंद ठेवली आणि बारामतीच्या वह्या काढल्या. कोरड्या धावपट्टीच्या हिशोबात, इंजिन गेलं तरी उड्डाणाच्या अंतराच्या शेवटी विमान ३५ फूट वर असायला हवं. ओल्या धावपट्टीला हीच उंची १५ फूट चालते. अंतर तिथून येतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाबांना हे सांगितलं. “म्हणजे वीस फूट उसने घेतले,” म्हणाले आणि पेपर उघडला.

तेव्हापासून बँक मी उलटी वापरते. उत्तर झाकायचं, मोठ्याने बोलायचं आणि बाबांनी किमान दोनदा “का?” विचारायचं. दिवसाला फार तर सहा प्रश्न होतात. बाबा कधी कधी मुद्दाम काहीही विचारतात (“विमानाला हॉर्न असतो का?” असतो. जमिनीवरच्या माणसाला बोलवायला ए३२० च्या नाकापाशी वाजतो), पण सहा प्रश्न पक्के होतात. साठ वाचून एकही होत नव्हता.

एचआरच्या नमुना उत्तरांबद्दल काय बोलायचं. “सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?” याला त्यांचं तयार उत्तर असं: क्रॉस-कंट्रीला (लांबच्या सराव उड्डाणाला) निघालो होतो, समोर ढग होता, बॅचमेटला पुढे जायचं होतं, मी शांतपणे समजावलं, आम्ही परत फिरलो. सप्टेंबरला बाहेर थांबलेलो आम्ही पाच जण. गप्पांत कळलं की त्यातल्या तिघांच्या बॅचमेटला एकाच ढगात शिरायचं होतं. तिघांपैकी एक मी. आत जाताना मी ती गोष्ट टाकून दिली आणि होस्टेलच्या मेसच्या हिशोबावरून झालेलं खरं भांडण सांगितलं. एचआरच्या बाई तेवढ्यात एकदाच हसल्या.

आणखी एक नमुना उत्तर तर मला धोक्याचं वाटतं. कॅप्टन अप्रोच (उतरण्याआधीचा टप्पा) बिघडला असताना गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) करत नसेल तर? लिहिलंय: “मी विनम्रपणे माझी काळजी त्यांच्या कानावर घालीन.” मंगळूरला २२ मे २०१० रोजी को-पायलटने तीनदा गो-अराउंड म्हटलं होतं. विमान तरीही उतरवलं गेलं, टेबलटॉप (डोंगरमाथ्यावरच्या) धावपट्टीच्या पुढे गेलं आणि १५८ माणसं गेली. त्यानंतर कुठल्या पॅनेलला नुसतं “विनम्रपणे” ऐकायचं असेल? काय चुकतंय ते ठरलेल्या शब्दांत स्पष्ट बोलायचं, प्रतिसाद नाही तर पुन्हा, तरीही नाही तर कंट्रोल घ्यायचा, हे सांगता आलं पाहिजे. बाबांकडे याचंही एक उदाहरण निघालं. गार्डने दोन घंट्या दिल्या की गाडी सोडायची, एक दिली की थांबायचं. “एका घंटीला का म्हणून विचारत नाहीत. आधी थांबतात, मग विचारतात.” जानेवारीच्या इंटरव्ह्यूत हे मी जसंच्या तसं सांगितलं. त्यावरून दहा मिनिटं लोकलवरच बोलणं झालं.

मॉक इंटरव्ह्यू तीन होते, दोनच वापरले. पहिल्याला समोरचे गृहस्थ वीस मिनिटं उशिरा आले आणि कॅमेरा बंद. नंतर आलेला अभिप्राय आणि खारघरच्या मैत्रिणीला आलेला अभिप्राय ताडून बघितला, तर नावाखेरीज फरक नाही. दुसरा चांगला झाला. त्या बाई स्वतः एअरलाइनमध्ये पायलट आहेत, खूप खोलात गेल्या. म्हणजे नशिबाचा भाग. तिसरा शिल्लक आहे, त्या बाईच मिळणार असतील तर घेईन.

जानेवारीला एक प्रश्न आला जो कुठल्याच बँकेत नव्हता: तुम्ही ठाण्याकडच्या, नव्या विमानतळाबद्दल सांगा. २५ डिसेंबरला नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली, धावपट्टी ०८/२६, लांबी ३७०० मीटर, हे खारघरच्या मैत्रिणीमुळे तोंडावर होतं. तिने पहिल्याच आठवड्यात जाऊन फोटो पाठवून पाठवून वैताग आणला होता.

घ्यावं का? सीपीएलची परीक्षा अजून द्यायची असेल तर नको, त्याला हे उपयोगाचं नाही. अ‍ॅप्टिट्यूडची तारीख दोन-तीन महिन्यांवर असेल तर तेवढ्यापुरतं घ्या, तो भाग सुटा मिळतो का विचारा. मला सुटा मिळतो हे नंतर कळलं, किंमत साडेचार हजार. फक्त तांत्रिक प्रश्नांसाठी घेणार असाल तर त्याऐवजी घरात “का?” विचारणारं कुणीतरी शोधा.

पैसे भरताना ऑटो-डेबिटची खूण आधीच केलेली असते, ती काढा. माझी राहिली होती. चौथ्या महिन्यात न मागितलेल्या एका नव्या मॉड्यूलचे बावीसशे गेले, परत यायला पाच आठवडे लागले. दुसऱ्या इंटरव्ह्यूचा निकाल यायचाय. मुदत जूनपर्यंत आहे, कार्ड मात्र मी आत्ताच काढून टाकलंय.