कोनफ्लॉवरच्या बियांचे पाकीट: बी चांगले, सूचना मात्र परमुलखाच्या

परसबागेत लावण्यासाठी ऑनलाइन मागवलेल्या जांभळ्या कोनफ्लॉवरच्या, म्हणजेच एकिनेशियाच्या, बियांबद्दलचा हा अभिप्राय वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीवरचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पुण्या-नाशिककडच्या गच्चीवर हेच बी वेगळे वागेल. पाकिटाची किंमत 120 रुपये, आत 50 बिया आणि टपालखर्च वेगळा. फुलांच्या बियांच्या मानाने हा दर चढा आहे, पण बी दाणेदार आणि स्वच्छ निघाले: फिकट भुरकट रंगाचे, चार कडांचे आणि बोटात धरता येईल एवढे मोठे. त्यात पोचट दाणे फारसे नव्हते.

पाकिटाबद्दल मात्र तक्रार आहे. कपाशीची किंवा सोयाबीनची पिशवी हातात आली की लॉट क्रमांक, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख आधी वाचायची, ही आपल्याकडच्या शेतकऱ्याची सवय आहे. या पाकिटावर यांपैकी काहीच छापलेले नाही, आणि विक्रेत्याला विचारले असता ‘बी ताजे आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

त्याहून मोठी अडचण मागच्या बाजूला छापलेल्या सूचनांची आहे. ‘हिमतुषार संपल्यावर वसंतात पेरावे, उन्हाळ्यात फुले येतील’ हा सल्ला उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातल्या गवताळ माळरानांना, म्हणजे या झाडाच्या माहेरालाच, लागू पडतो. विदर्भात मार्चमध्ये पेरलेले रोप चार पानांवर येते न येते तोच मे महिना पारा 45 अंशांच्या आसपास नेऊन ठेवतो, आणि एवढ्या कोवळ्या रोपाचा त्यापुढे निभाव लागणे कठीण असते. म्हणून आम्ही छापील वेळापत्रक बाजूला ठेवले. पोळ्याच्या सुमारास ओलसर वाळूत बी मिसळून झाकणाच्या डब्यात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले आणि दसरा झाल्यावर बाहेर काढून ट्रेमध्ये पेरले. महिनाभर थंड ओलाव्यात राहिलेले बी एकसारखे उगवते, तसे न केल्यास ते रेंगाळत, मागेपुढे उगवते. पण पाकिटावर याचा उल्लेख नाही. बी खोल जाता कामा नये, जेमतेम झाकले जाईल एवढीच माती वर टाकावी. आमच्या ट्रेमधले निम्म्याहून अधिक बी दोन-तीन आठवड्यांत उगवले, आणि थंडीचे महिने रोपांना चांगलेच मानवले.

रोपाला खरा धोका उन्हापेक्षा पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्याचा आहे. एकदा जम बसला की कोनफ्लॉवर पाण्याचा ताण बराच सोसते, पण मुळाशी पाणी थांबलेले त्याला अजिबात खपत नाही, आणि आपली भारी काळी जमीन श्रावणात चिबडते. त्यामुळे वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात नाल्याची जाड वाळू, थोडा मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळणे आवश्यक ठरते. शेणखताचा हात सढळ ठेवू नये, कारण जास्त खताने दांडे लवचिक होऊन आडवे पडतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरची सावली हवी. आम्ही वाफा न्हाणीघराच्या भिंतीच्या पूर्वेला घेतला आणि वर हिरवी जाळी बांधली. सखल कोपऱ्यात लावलेली रोपे मूळकुजीने गेली, वाफ्यावरची टिकली.

पहिल्या वर्षी बहुतेक झाडे नुसती जमिनीलगत पाने पसरून बसतात. आमच्याकडे पुढच्या मृगाच्या सरींनंतर मोजक्याच झाडांनी दांडा काढला, बाकीची त्याच्या पुढच्या वर्षी फुलली. पाकिटावरच्या चित्रासारखा ताटवा मात्र झाला नाही. या झाडाला बहरासाठी मोठा दिवस लागतो. 40 अंश अक्षांशावर जूनमधला दिवस 15 तासांचा असतो, तर आपल्याकडे तो साडेतेरा तासांच्याही आतच राहतो, तेव्हा तिकडची अपेक्षा इथे धरू नये.

जी फुले आली ती मात्र निरखून पाहण्यासारखी आहेत. कळी उमलते तेव्हा मधला भाग चपटा आणि हिरवट असतो; पुढे तो साळिंदरासारखा काटेरी होऊन फुगतो, टोके नारिंगी होतात आणि जांभळट गुलाबी पाकळ्या मागे झुकतात. मधली बारीक फुले एकदम उघडत नाहीत, तर कडेपासून माथ्याकडे एकेक कडे करत उमलत जातात, म्हणून एकच फूल बरेच दिवस ताजे दिसते आणि त्यावर फुलपाखरांची, मधमाश्यांची वर्दळ राहते.

पाकिटावर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी वनस्पती’ असेही ठळक अक्षरांत छापले आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी एकिनेशियाची मुळे औषध म्हणून वापरली हे खरे, परंतु सर्दीवरच्या आधुनिक चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि शोभेच्या बियांच्या पाकिटावर असा दावा असू नये असे माझे मत आहे. शिवाय हे झाड गाजरगवताच्याच कुळातले आहे. ज्यांच्या अंगावर गाजरगवताने पुरळ उठते, त्यांनी याचा काढा-चहा करण्याच्या फंदात पडू नये.

दसऱ्याला घरात फुले हवी असतील तर झेंडूला पर्याय नाही, आणि कमी कष्टात रंग हवा असेल तर याच कुळातला, अमेरिकेतूनच आलेला गेलार्डिया आपल्या मातीत सहज येतो. कोनफ्लॉवर ज्यांना दीड-दोन वर्षे थांबण्याची तयारी आहे त्यांनीच घ्यावे. दुसरे पाकीट विकत घेण्याची गरज सहसा पडत नाही. हा साधा जांभळा प्रकार संकरित नसल्याने घरचे बी बहुतांशी तसेच निपजते. बोंडे काळपट होऊन पूर्ण वाळली की जाड हातमोजे घालून ती कागदावर चुरावीत, कारण वाळलेले काटे उघड्या बोटांना चांगलेच टोचतात.