गोव्यात गिटारी सांभाळायच्या तर भिंतीवर की केसमध्ये?

चवथीला मामेभाऊ आला होता, साखळीला घर बांधतोय. जेवण झाल्यावर माझ्या खोलीत उभा राहून म्हणाला, दादा, माझ्या सात गिटारींना भिंत सोडू की कपाट करू, सुतार विचारतोय. मी तोंड उघडलं आणि तासभर बोललो, तरी त्याला उत्तर मिळालं नाही. म्हणून हे नीट लिहून काढतोय, त्याच्यासाठी आणि अजून कोणी याच फेऱ्यात असेल तर त्याच्यासाठी. माझ्याकडे सध्या तेरा आहेत, घर फोंड्याला, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, आणि मी दोन्ही पद्धतींनी वाट लावून बघितलेली आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. इंटरनेटवर जे सांगतात ना, गिटार नेहमी केसमध्ये (म्हणजे तिच्या पेटीत) ठेवा, साउंडहोलमध्ये (पोटावरच्या गोल भोकात) ओला स्पंज लटकवा, ते सगळं थंड देशातल्या लोकांचं आहे, तिकडे हिवाळ्यात घरात हीटर लागतो, हवा खडखडीत कोरडी होते आणि लाकूड आकसून टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, चीर जाते. आपलं दुखणं बरोबर उलटं. लाकडी गिटारीला 45 ते 55 टक्के ह्युमिडिटी मानवते आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकडा 85-90 च्या खाली यायचं नाव घेत नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मग होणार काय. आपल्याकडे गिटार तडकत नाही, सादळते. पापडासारखी. टॉपचं लाकूड पाणी पितं, ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) मागे पोट सुटतं, पोट सुटलं की ब्रिज वर उचलला जातो आणि ब्रिजबरोबर तारा. मग माणूस म्हणतो, हल्ली बोटं दुखतात, वय झालं वाटतं. वय नाही रे बाबा, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, वाढलीय.

आता केस. माझी पहिली सॉलिड टॉपची (पुढची फळी अस्सल एकसंध लाकडाची) ॲकूस्टिक, पगारातून पैसे साठवून घेतलेली, मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुसून बिसून मस्त हार्ड केसमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं, कारण वाटलं पावसाळ्यात ही सगळ्यात सेफ जागा. ऑगस्टमध्ये उघडली तर आधी वास आला, जुन्या ओल्या चादरीचा असतो तसा. आतल्या जांभळ्या मखमलीवर पांढरी बुरशी, नेकच्या (दांड्याच्या) मागे हात लावला तर चिकट, आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावर धातूच्या आडव्या रेघा असतात त्यातली बारावी) मोजपट्टी धरली तर तारेची उंची साडेतीन मिलिमीटर, ठेवली तेव्हा अडीच होती. मडगावला एक म्हातारे मिस्तरी आहेत, त्यांनी ब्रिज काढून परत चिकटवला आणि मला एवढंच विचारलं की केस बंद केलीस तेव्हा बाहेर पाऊस होता का. होता. म्हणजे मी पावसाची हवाच आत कोंडून ठेवली होती आणि वर कुलूप लावलं होतं! केस कोरडं करत नाही, जे आत आहे ते धरून ठेवते, आणि सील काही एवढं घट्ट नसतं की बाहेरची ओल दोन महिन्यांत आत येणार नाही. ही चूक केसची नाही, माझीच.

तर केसची पद्धत चालवायची असेल तर सिलिका जेलशिवाय अर्थ नाही. बुटांच्या डब्यात येतात त्या दोन ग्रॅमच्या पुड्या नव्हेत, एका केसमागे निदान दोन-तीनशे ग्रॅम, कापडी पिशव्यांत भरून एक हेडस्टॉकखाली (खुंट्यांच्या टोकाखाली) आणि एक कमरेजवळ. सिलिका आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी ओढते आणि मग थकते, म्हणून रंग बदलणारे दाणे घ्या. निळे ओले झाले की गुलाबी होतात, पण निळ्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकघरात त्यांना परत कोरडं करायचं म्हणजे घरच्यांशी भांडण आणि तब्येतीलाही बरं नाही, त्यापेक्षा केशरी बरे. ओव्हनला 110-120 डिग्रीवर दोन तास, की परत तयार. आता गणित करा, सात केस, भर पावसात दर दहा-बारा दिवसांनी, म्हणजे जवळजवळ प्रत्येक रविवारी तुम्ही सिलिका भाजताय. माझी आई तर म्हणाली होती की गिटार वाजवतोस कधी रे, तू तर नुसते साबुदाणे भाजतोस. ती 49 टक्क्यांची टू-वे (ओल घेणारी आणि सोडणारी) पाकिटं मिळतात, ती मी दोन पावसाळे वापरली, कोरड्या दिवसांत छान चालतात पण जुलैत पाणी पिऊन फुगतात आणि मग नुसती लिबलिबीत पडून राहतात, वर स्वस्तही नाहीत.

भिंतीचं काय? भिंतीची पहिली बाजू सांगतो, आणि माझ्या लेखी तीच सगळ्यात मोठी आहे. भिंतीवरची गिटार वाजते. चहा ठेवला, उकळायला तीन मिनिटं आहेत, हात आपोआप जातो. केसमधली काढायला चार कड्या उघडा, परत ठेवताना पट्टा आत घाला, हे तीन मिनिटांत होत नाही आणि आपण काय, आळशी माणसं. ज्या वर्षी सगळ्या केसमध्ये होत्या त्या वर्षी मी खऱ्या अर्थाने दोनच वाजवल्या. आणि रोज हातात येणाऱ्या गिटारीचं दुखणं लवकर कळतं, ट्यूनिंगची खुंटी सैल झाली, जॅक खरखरतोय, फ्रेटवर हिरवट थर चढलाय, हे सगळं दिसतं तरी.

पण आपली भिंत म्हणजे काय ते पण बघा. चिऱ्याची भिंत पावसात पाणी ओढते, पश्चिमेची भिंत तर जुलैमध्ये हाताला गार लागते, आणि तिला पाठ टेकवून टांगलेल्या गिटारीच्या मागे बुरशीचा बरोबर गिटारीच्या आकाराचा नकाशा उमटतो. माझ्याकडे अजून तो भिंतीवर आहे, रंग काढून झाला तरी पुसट दिसतो. म्हणून टांगायची तर आतली भिंत, जिच्या दुसऱ्या बाजूला पण खोलीच आहे, आणि हँगरच्या मागे लाकडी पट्टी मारून चार बोटं हवा सोडायची. पाली आहेतच. आणि कुंभारीण माशी! एकदा शिमग्याच्या दिवसांत आठ दिवस बाहेरगावी गेलो, आल्यावर एका गिटारीचा आवाज दबका येतोय म्हणून आरसा आणि टॉर्च घालून बघितलं तर आत ब्रेसिंगच्या (आधाराच्या पट्ट्यांच्या) कोपऱ्यात मातीचं टुमदार घर बांधलेलं. साउंडहोलची रबराची झाकणं मिळतात, ती फीडबॅकसाठी असतात, मी कुंभारणीसाठी लावतो.

अजून एक बारीक गोष्ट, जुन्या किंवा महागड्या गिटारींना नायट्रोसेल्युलोजचं लॅकर असतं, ते हँगरच्या किंवा स्टँडच्या रबराशी रिॲक्ट होऊन मऊ पडतं, डाग कायमचा. तिथे सुती कापड गुंडाळा. साध्या पॉली फिनिशला काही होत नाही.

तर खरी तुलना भिंत विरुद्ध केस अशी नाहीच आहे, कोरडी करायची ती केसमधली हवा की अख्ख्या खोलीची, एवढाच प्रश्न. खोली कोरडी असेल तर गिटार भिंतीवर ठेवा, स्टँडवर ठेवा, पलंगावर टाका, फरक पडत नाही. मी चार वर्षांपूर्वी आतल्या दहा बाय अकराच्या खोलीला फॉल्स सीलिंग केलं (कौलांतून हवा येत असेल तर मशीन बिचारं अख्ख्या फोंड्याची ओल काढत बसेल), दाराखाली रबर पट्टी लावली आणि कंप्रेसरवालं डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढायचं मशीन) घेतलं. डब्यावर दिवसाला 20 लिटर लिहिलेलं असतं, पण तो आकडा साधारण 30 डिग्री आणि 80 टक्क्यांवर मोजलेला असतो, खोली 55 वर आली की तेवढं निघत नाही, जुलैत माझं रोजचं चार-पाच लिटर निघतं आणि ते पाणी मी झाडांना घालतो. मशीन तीनशे-साडेतीनशे वॉटचं, सात-आठ तास चाललं तर रोजचे दोन ते पावणेतीन युनिट. खोली गरम होते हे मात्र खरं, आत बसून वाजवताना घाम येतो, आणि लाईट गेली की सगळं थांबतं, पण दार बंद ठेवलं तर चार-पाच तास आकडा फारसा हलत नाही. एसीचं म्हणाल तर ड्राय मोडवर चालतो, पण बंद केला की तासाभरात ह्युमिडिटी उडी मारून वर, आणि थंड झालेली गिटार तशीच बाहेर सोप्यावर आणली तर चष्म्यावर धरतं तसं तिच्या पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी माइकवर), तारांवर पाणी धरतं. झोपायच्या खोलीत एसी आहेच म्हणून गिटारी तिथे ठेवत असाल तर ठीक, मुद्दाम गिटारींसाठी एसी नको.

हायग्रोमीटरवर, म्हणजे ह्युमिडिटी मोजायच्या मीटरवर, मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्याकडच्या तीन डिजिटल मीटरांत एकाच खोलीत अकरा टक्क्यांचा फरक होता. मिठाची टेस्ट करा, बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, पातळ नाही, मग ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी 75 दाखवायला पाहिजे. 69 दाखवलं तर मीटरवर पेनाने अधिक सहा लिहून टाका, संपलं.

आता कुठल्या गिटारीला किती लाड. सॉलिड लाकडाच्या ॲकूस्टिकला सगळ्यात जास्त, क्लासिकलला पण तेवढेच. लॅमिनेट (पातळ थर चिकटवून केलेलं लाकूड) बरंच सहन करतं, माझी कॉलेजातली यामाहा एफ 310 अजून सोप्यावरच असते, चवथीच्या आरतीपासून भाच्याच्या ट्रिनिटीच्या संगीत परीक्षेपर्यंत सगळं तिने काढलंय. मार्टिन कंपनीच्या एक्स सिरीजमध्ये एचपीएल (दाबून केलेलं लॅमिनेट) असतं, कार्बन फायबरच्या गिटारीला तर ओल कळतच नाही, शॅकवर गिग करणाऱ्यांनी तोच विचार करावा. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकचं लाकूड नाही, लोखंड रडतं. खारी हवा लागली की ब्रिजचे स्क्रू गंजतात, पॉट (आवाजाची बटणं) खरखरतात. मोरजीला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मित्राच्या साध्या तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात, माझ्या फोंड्याला दीड महिना जातात. त्याने कोटेड (वर पातळ थर दिलेल्या) लावाव्यात, दुप्पट-अडीचपट पैसे पडले तरी. मी फक्त ज्या कमी वाजतात त्यांना कोटेड लावतो. फ्रेट घासायला स्टील वूल वापरत असाल तर पिकअपवर टेप मारा, नाहीतर तो चुरा मॅग्नेटला जो चिकटतो तो जन्मभर.

ट्रस रॉडबद्दल, म्हणजे नेकच्या आतल्या तिला सरळ ठेवणाऱ्या सळईबद्दल, एकच सांगतो. पावसात नेक हलली म्हणून लगेच ॲलन की घेऊन बसू नका, आधी आठ दिवस खोली 55 वर ठेवा, अर्ध्या वेळा ती स्वतःहून जागेवर येते. मग गरज पडलीच तर एका वेळी पाव फेरा, आणि एक दिवस थांबा.

वेळेचा हिशेब कोणी करत नाही. तेरा गिटारी, वर्षातून तीनदा तारा, पुसणं, फ्रेटबोर्डला तेल (शिसवी आणि एबनीलाच, लॅकर मारलेल्या मेपलला नाही), प्रत्येकीला पाऊण तास धरला तरी वर्षाला तीस तास होतात. वाजवून झाल्यावर उरलेल्या वेळातले. डेव्हिड गिलमोरने 2019 मध्ये आपल्या 120 पेक्षा जास्त गिटारी लिलावात काढल्या, मार्क नॉफ्लरने 2024 मध्ये तेवढ्याच काढल्या, आणि त्यांच्याकडे तारा बदलायला माणसं होती. मी गेल्या वर्षी चार दिल्या. एक डिचोलीच्या एका भजनी मंडळाच्या पोराला, तो आता अभंगाला कॉर्ड लावतो आणि बुवा वैतागतात.

मामेभावाला शेवटी मी असं सांगितलं. तीनपर्यंत असत्या तर केस आणि सिलिका, खोलीचा खर्च करूच नको. सात आहेत, त्यातल्या चार सॉलिड टॉप, आणि घर अजून बांधतोयस, तर आत्ताच आतली खोली धर, सीलिंग आणि दाराची पट्टी बांधकामातच होऊन जाईल, नंतर करायला गेलास तर दुप्पट पडेल. पाच भिंतीवर, दोन केसमध्ये पण केस त्याच खोलीत, आणि केसमधल्यांना तारा एक सूर उतरवून ठेव, पूर्ण सैल करू नकोस. कपाटाचा विचार सोड, कपाट म्हणजे मोठी केसच. त्याने काल फोटो पाठवलाय, देवघरामागची खोली, एकच खिडकी, पूर्वेला. सुतार म्हणतोय हँगरच्या मागे फणसाची पट्टी मारतो, मी म्हटलं मार, पण फणस किती महिने वाळलाय ते आधी विचार त्याला.